'या वयात ऑपरेशन कशाला?' यात आमचे तीन तास गेले

बाबा ८१ वर्षांचे. गेल्या वर्षी मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या पोटात कळ आली. ताप नव्हता, पोट कडक नव्हतं, ओरडणं तर नाहीच. आम्ही ओवा दिला, गॅसची गोळी दिली. उन्हाचं झालं असेल म्हणून सकाळपर्यंत थांबलो. सकाळी पोट फुगलेलं, जीभ कोरडी, बोलणं बंद. नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात पोहोचेस्तोवर दुपारचे बारा वाजले.

एक्सरेत छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसली. म्हणजे जठराला भोक पडलं होतं. गुडघ्यांसाठी चिठ्ठीशिवाय, महिनोन् महिने आणलेल्या डायक्लोफिनॅक या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांवर डॉक्टरांचा संशय होता.

ऑपरेशन आत्ताच, असं ते म्हणाले. आणि आमचे फोन सुरू झाले. पुण्याचा दादा, वर्ध्याची आत्या, जावई. सगळ्यांचं एकच, या वयात? सहीला तीन तास लागले.

असं भोक पडलेल्या रुग्णांचा डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सुमारे २.४ टक्क्यांनी घटत गेली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. गडचिरोलीहून नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, येणाऱ्यांचे तास रस्त्यात जातात. आमचं घर धंतोलीपासून वीस मिनिटांवर आहे.

म्हाताऱ्या माणसात पोटातला मोठा बिघाडही गुपचूप येतो. ताप अनेकदा चढत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कधीकधी वाढत नाहीत. घरच्यांना वाटतं, साधंच आहे.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी वय विचारलंच नाही. "महिन्याभरापूर्वी काका किती चालायचे? आंघोळ स्वतः करायचे?" मला हाच प्रश्न खरा वाटतो. ब्रिटनमधल्या ६५ वर्षांवरच्या रुग्णांच्या अभ्यासात अशा तातडीच्या पोटाच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांत जवळपास दर पाचातला एक दगावला, आणि शरीर आधीच खचलेल्यांचा धोका बराच जास्त होता. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ऑपरेशन नको, फक्त वेदना थांबवा, असं ठरवणं ही हेळसांड नाही. पण बाबा तर अंबाझरी तलावावर रोज फिरायला जायचे!

ते वाचले. चौथ्या रात्री मात्र भ्रम झाला. नळ्या उपसल्या, वारलेल्या मोठ्या काकांना हाका मारत राहिले. चष्मा आणि कानाचं मशीन आमच्या पिशवीत पडून होतं. सिस्टरनं ते लावून दिलं, नाव घेऊन बोलली, तेव्हा कुठे शांत झाले. आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. अंबाझरी सुटलं.

मागच्या आठवड्यात मी त्यांनाच विचारलं, पुन्हा वेळ आली तर काय करायचं? म्हणाले, "करा. पण मशीनवर नुसतं ठेवून देऊ नका." दादाला आणि आत्याला मी त्याच संध्याकाळी कळवलं.