मार्थाबाईंनी नवऱ्याला पाडलं, पण कसं?

महिला दिन आला की एक मेसेज हटकून फिरतो. यंदा मला तो चार ग्रुपवर मिळाला. मजकूर थोडक्यात असा: ‘१८९६, अमेरिका. नवरा निवडणुकीला उभा राहिला. सवतींच्या संसारात पिचलेली त्याची डॉक्टर बायको त्याच्याच विरोधात उभी राहिली, त्याला धूळ चारली आणि अमेरिकेतली पहिली महिला आमदार झाली.’

बाई खऱ्या, साल खरं. डॉ. मार्था ह्यूज कॅनन, सॉल्ट लेक सिटी, युटा. गडबड बाकीच्या मजकुरात आहे.

विरोधात उभी राहून धूळ चारली म्हणे. पण लढत समोरासमोरची नव्हतीच. सॉल्ट लेक परगण्यातून राज्याच्या सिनेटवर, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहावर, पाच जण एकत्र निवडून द्यायचे होते. साखर कारखान्याची निवडणूक पाहिलेल्याला हे लगेच कळेल: दोन पॅनेल, लांबलचक मतपत्रिका आणि जागा असतील तितकी मतं. मार्थाबाई डेमोक्रॅटिक पॅनेलमध्ये, त्यांचे यजमान अँगसराव रिपब्लिकन पॅनेलमध्ये. मनात आणलं असतं तर एखाद्याला नवरा-बायको दोघांनाही मत देता आलं असतं. ३ नोव्हेंबरला पाचही डेमोक्रॅट निवडून आले. पडलेल्यांत एमिलीन वेल्सही होत्या, बायकांच्या मताधिकारासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या. त्या अँगसरावांच्या पॅनेलमध्ये होत्या, हे मेसेजवाल्यांना अडचणीचंच. त्या वर्षी चांदीची नाणी मुक्तपणे पाडावीत का, हा प्रश्न पेटला होता आणि चांदीच्या बाजूचे, अध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार ब्रायन यांना युटात ऐंशी टक्क्यांहून जास्त मतं पडली. अशा लाटेत रिपब्लिकन नवराच काय, रिपब्लिकन सासराही वाहून गेला असता. हां, आकडे बघायचेच तर मार्थाबाईंना ११,४१३ आणि अँगसरावांना ८,७४२. मागे ते राहिले, एवढं खरं.

मग नवरा-बायकोच्या कुस्तीची गोष्ट आली कुठून? ती तेव्हाच सुरू झाली होती. डेमोक्रॅटांच्या बाजूच्या ‘सॉल्ट लेक हेरल्ड’ने प्रचारात चिमटा काढला होता: दोघांत खरा पुरुष बाईच आहे, तिला सिनेटमध्ये पाठवा, साहेबांनी घरचा उद्योग सांभाळावा. वर्तमानपत्रातली ही थट्टा आता आपल्याकडे इतिहास म्हणून येते.

‘पहिली महिला आमदार’ हे तर सरळ चूक. कोलोरॅडोत १८९४ मध्येच तीन बायका राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आल्या होत्या. मार्थाबाई पहिल्या महिला राज्य-सिनेटर. तो मान काही लहान नाही, फुगवायची गरज काय?

आता ‘पिचलेली’. अँगसरावांच्या सहा बायकांपैकी या चौथ्या. १८८४ मध्ये लग्न केलं ते समजून-उमजून, स्वतःच्या मॉर्मन श्रद्धेने (या ख्रिस्ती पंथात तेव्हा बहुपत्नीत्व मान्य होतं). तोवर त्या मिशिगनहून एम.डी. होऊन (१८८०, म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशींच्या सहा वर्षं आधी) फिलाडेल्फियातही शिकून आल्या होत्या आणि सॉल्ट लेक सिटीच्या डेझरेट हॉस्पिटलमध्ये निवासी डॉक्टर होत्या. आनंदीबाई फिलाडेल्फियाला पोचल्या १८८३ मध्ये, चुकामूक झाली. बहुपत्नीत्वाविरुद्ध धरपकड सुरू झाली तेव्हा नवऱ्याविरुद्ध, आणि ज्यांची बाळंतपणं केली त्या बायकांच्या घरच्यांविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये म्हणून १८८६ मध्ये तान्ही मुलगी घेऊन त्या इंग्लंडला निघून गेल्या. तिथून लिहिलेल्या पत्रांत एकटेपणा आहे, सवतींबद्दलची जळजळही आहे. पण निवडून आल्यावर पत्रकाराला त्यांनी सांगितलं ते असं, की नवऱ्याला चार बायका असल्या की प्रत्येकीला महिन्यातले तीन आठवडे मोकळे मिळतात. हे आपल्याला पटो न पटो, पिचलेल्या बाईचं बोलणं नव्हे.

मला खरा राग येतो तो मेसेजमध्ये जे नाही त्याचा. निवडून आल्यावर बाईंनी केलं काय? दुकानात काम करणाऱ्या बायका-मुलींसाठी मालकाने बसायची सोय केलीच पाहिजे, असा कायदा त्यांनी आणला. गिऱ्हाईक नसताना टेकायला एक स्टूल, एवढीच गोष्ट. साड्यांच्या दुकानात काउंटरमागे सकाळपासून उभी असलेली, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकणारी मुलगी आपण आजही बघतो. केरळने दुकानातल्या कामगारांच्या बसण्याच्या हक्कासाठी कायदा बदलला तो २०१८ मध्ये. शिवाय मूकबधिर आणि अंध मुलांना सक्तीचं शिक्षण. शिवाय १८९८ मध्ये युटाचं राज्य आरोग्य मंडळ. त्याचं विधेयक त्यांचंच आणि मंडळावर सदस्य म्हणून त्या स्वतःही बसल्या.

आणि नवऱ्याला हरवून पुढे निघून गेल्या, असंही झालं नाही. एप्रिल १८९९ मध्ये त्यांना तिसरं मूल झालं, मुलगी ग्वेंडोलिन. मॉर्मन चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचं १८९० मध्येच जाहीर केलं होतं, त्यामुळे या जन्माचा मोठा बोभाटा झाला. मार्थाबाई पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत.