शिक्षा भोगून झाली, पुढे काय?

कट्ट्यावर वाद चालला होता: शिक्षा संपली तरी धोकादायक वाटणाऱ्या कैद्याला आतच ठेवायचा कायदा असावा का? उल्हासचं म्हणणं साधं होतं. बलात्कार किंवा खून करून आत गेलेला माणूस शिक्षा संपतानाही तसाच असेल, आणि तुरुंगातल्या लोकांना ते दिसत असेल, तर दार उघडायचंच कशाला? त्याची मोठी मुलगी फर्मागुडीला कॉलेजात जाते, कधीकधी काळोख पडल्यावर बसमधून उतरते. गोव्यात फोंड्याला राहणाऱ्या बापाला 2009 साल विसरता येत नाही. त्या वर्षी महानंद नाईक पकडला गेला. सोळा बायकांच्या खुनांचे आरोप झाले. काही खटल्यांत जन्मठेप लागली, बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. "असला माणूस उद्या बाहेर आला तर?" उल्हासने विचारलं. कट्ट्यावर लगेच कुणी बोललं नाही.

मग रजनीताईंनी तोच दाखला उलटा धरला. त्या वकील आहेत. "त्या आरोपांतला पहिला खून 1994 चा. पंधरा वर्षं कुणाला धागे जुळवता आले नाहीत. शिक्षा संपलेल्याला डांबायचा कायदा तिथे काय करणार होता? तोवर त्याला शिक्षाच झाली नव्हती."

"मग एनएसए लावायचा," उल्हास म्हणाला.

यावर ताई चिडल्याच. एनएसए म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा, 1980 चा. स्थानबद्धतेच्या हुकुमावर सही करतो जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा सरकार. कोर्ट त्यात येत नाही. बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं, आणि तो हुकूम तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील नेण्याचा हक्क नाही. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेतात त्यात, निदान माणूस समोर उभा करून त्याला कारण विचारतात. तडीपारीत तो नुसता शेजारच्या जिल्ह्याच्या गळ्यात पडतो.

मला इथे उल्हासची बाजू घ्यावीशी वाटली, निदान अर्धी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात 2003 पासून वेगळी रीत आहे. गंभीर लैंगिक गुन्ह्याच्या कैद्याची शिक्षा संपत आली की सरकार उच्च दर्जाच्या कोर्टात अर्ज करतं. मानसोपचारतज्ज्ञ त्याला तपासतात, त्याच्या बाजूने वकील उभा राहतो, आणि सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. न्यायाधीश त्याला आत ठेवू शकतात किंवा देखरेखीखाली सोडू शकतात, आणि त्या हुकुमाची वेळोवेळी फेरतपासणी होते. न्यू साउथ वेल्सने 2006 मध्ये तसाच कायदा केला आणि 2013 मध्ये तो हिंसक गुन्हेगारांनाही लावला. रात्री सही करून माणूस उचलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

"पण ओळखणार कसं?" मास्तर म्हणाले. त्यांचे काका पोर्तुगीज अमलात आग्वादच्या तुरुंगात होते, त्यामुळे मास्तरांचा आवाज या विषयात वेगळाच लागतो. "हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालात 1956 चा हुकूम होता. राजकीय कैद्याची शिक्षा संपली तरी 'सुरक्षा उपाय' म्हणून आणखी तीन वर्षांपर्यंत, मग पुन्हा तीन. धोकादायक कोण, ते सरकार सांगणार."

मास्तरांची भीती खरी आहे, आणि ती हुकूमशाहीपुरती नाही. अमेरिकेत 1966 मध्ये बॅक्सट्रॉम नावाच्या कैद्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची पद्धत घटनाबाह्य ठरवली. शिक्षा संपूनही 'धोकादायक वेडे' म्हणून कोंडलेली साडेनऊशेवर माणसं त्यामुळे साध्या इस्पितळांत हलवावी लागली. पुढची काही वर्षं अभ्यासकांनी त्यांचा माग ठेवला. बहुतेकांनी कुणावर हात उगारला नाही. मोजक्यांनाच पुन्हा बंदोबस्तात न्यावं लागलं. डॉक्टरांनी सह्या करून इतक्या माणसांना विनाकारण डांबलं होतं! ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

उल्हास मात्र हटला नाही. "त्या मोजक्यांतला एक माझ्या गल्लीत आला तर?"

याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि मी ते त्याच्यापुढे ठासून मांडलं. धोका कमी करायचं काम शिक्षेच्या पहिल्या दिवशी सुरू व्हायला हवं. इंग्लंडने 2005 मध्ये बेमुदत शिक्षा सुरू केली. किमान मुदत भोगा, मग धोका उरला नाही असं पटवा आणि सुटा. पटवायला सुधारणेचे वर्ग करायला हवेत, आणि वर्गांना जागाच नाही! दोन वर्षांच्या आतली किमान मुदत असलेली माणसं दहा-दहा वर्षांनंतरही आत होती. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने 2012 मध्ये ही मनमानी कैद ठरवली. त्याच वर्षी इंग्लंडने ती शिक्षा बंद केली, पण जुन्या कैद्यांना तशीच राहू दिली. आपल्याकडे उपचाराची सोय न करता असा कायदा आणला तर न्यायाधीश बिचारे कशाच्या आधारावर निकाल देणार? दहा वर्षं नुसतं कोंडलेला माणूस बदलला की नाही, हे कुणाला कळणार?

रजनीताईंना तरीही हा कायदा नकोच आहे. मला तो हवा, पण मोजक्या गुन्ह्यांपुरता, उघड्या कोर्टात, आणि आत उपचार मिळाल्याची नोंद समोर ठेवून. मास्तर दोघांशीही सहमत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र सगळे एक झाले. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा: कोलवाळच्या तुरुंगात मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक किती, लैंगिक गुन्ह्यांतल्या कैद्यांसाठी काही उपचार चालतात का. अर्ज ताई लिहिणार आहेत. उल्हासने त्यात आपला एक प्रश्न घालायला लावला: असा कैदी सुटताना किंवा फर्लोवर (तुरुंगातून रजेवर) येताना पीडितेच्या घरी कोण कळवतं, आणि किती दिवस आधी?