क्यूब टेस्टवाल्या कमेंटला उत्तर

सर, कमेंट मोठी होती म्हणून उत्तरही मोठं होणार, इलाज नाही. आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ कसा तुटतो यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की बर्फाचा तुकडा लॅबमध्ये दाबा, काँक्रीटचा ठोकळा (क्यूब) दाबून फोडतात तशी स्ट्रेंथ काढा, तीच अख्ख्या आर्क्टिकला लावा, मी उगाच 'स्केल स्केल' (म्हणजे किती मोठा भाग बघतोय ते) करून घोळ घातलाय. शिवाय माझी 'सगळ्या स्केलला सारखंच तुटतं' आणि 'आकडा स्केलप्रमाणे बदलतो' ही दोन वाक्यं एकमेकांना खोडतात. आणि शेवटी, सॅटेलाइट आहेत तर मोजा ना, वाद कसला.

आधी क्यूब. काँक्रीट तेच असलं तरी १०० मिमीचा क्यूब १५० च्या क्यूबपेक्षा थोडी जास्त स्ट्रेंथ दाखवतो हे तुम्हाला मी काय सांगणार. समुद्रावरच्या बर्फात खाऱ्या पाण्याच्या पोकळ्या, जुन्या चिरा, परत गोठून सांधलेले भाग असं सगळं असतं, त्यामुळे तुकडा जितका मोठा तितकी त्यात एखादी वाईट चीर असण्याची शक्यता जास्त. डेम्प्सी आणि मंडळींनी (बर्फ कसा फाटतो याचे संशोधक) कॅनडात रेझोल्यूटला गोठलेल्या समुद्रावरच अर्ध्या मीटरपासून ८० मीटरपर्यंतचे चौकोन कापून फाडून बघितले, एवढा नमुना कुठल्या लॅबमध्ये मावणार? काँक्रीटच्या साइझ इफेक्टवर (आकार वाढला की स्ट्रेंथ घटते, त्यावर) काम करणारे संशोधक बाझांतही समुद्री बर्फाकडे वळले ते उगाच नाही. लहान तुकडा काही मेगापास्कल (दाबाचं माप, १ मेगापास्कल म्हणजे १००० किलोपास्कल) सोसतो, पण मीटरभर जाडीच्या सलग पसरलेल्या बर्फासाठी कॉम्प्युटर मॉडेलवाले सर्रास २७.५ किलोपास्कल धरतात, म्हणजे शंभरेक पट कमी, कारण तिथे बर्फ चिरडण्याआधीच वाकून मोडतो आणि तुकडे एकावर एक चढून रिज (बर्फाचे उंच बांध) तयार होतात.

आता 'सारखं'चं. मार्सान वगैरे संशोधकांनी २००४ मध्ये सॅटेलाइट डेटावरून दाखवलं की हिवाळ्यात डिफॉर्मेशनचा (बर्फाचा आकार बदलण्याचा) सरासरी दर, ज्या चौकटीत तो मोजता तिच्या लांबीच्या साधारण उणे ०.२ घातांकाने घटतो. १० किमीवरून १००० किमीवर गेलात की दर अडीचपट कमी, कारण मोठ्या चौकटीत एकीकडे भेग उघडते, दुसरीकडे मिटते, आणि बेरजेत ते कटतं. आकडा बदलतो, बदलायचा नियम तोच राहतो, यात खोडलं काय? उलट यातून अडचण अशी की 'इथे भेगा संपल्या, इथून पुढे गुळगुळीत मटेरियल' अशी रेषाच सापडत नाही. सत्तरच्या दशकात एडजेक्सवाल्यांनी (आर्क्टिक बर्फाच्या हालचालीवरचा मोठा संयुक्त प्रयोग) शंभरेक किमीला सगळं सरासरीत विरघळतं असं धरलं होतं, संशोधक हिबलरचं समुद्री बर्फाचं १९७९ चं मॉडेल त्याच वाटेने आलं आणि क्लायमेट मॉडेल्समध्ये बहुतेक ठिकाणी अजून त्याचाच वंश चालतो. चालतं बऱ्यापैकी, मी त्याला टाकाऊ म्हणत नाही, पण भेगा कुठे पडणार हे विचारायचं असेल तर ठिसूळपणा धरूनच चालणारी नवी मॉडेलं मला जास्त पटतात.

सॅटेलाइटचं म्हणाल तर मार्सानवाला रडार डेटा म्हणजे साधारण १० किमीची जाळी, तीन-तीन दिवसांचं अंतर. आणि बर्फ तिकडे बारा तासांच्या चक्रातही हलतो, एक भेग उघडून मिटली तरी दोन फोटोंच्या मध्ये तिचा पत्ता लागत नाही, म्हणून तर २०१९-२० च्या मोझेक या आर्क्टिक संशोधन मोहिमेत पोलारश्टेर्न जहाजाभोवती बर्फावर बॉया (जागा नोंदवत राहणारी यंत्रं) पेरून ठेवल्या होत्या.