पान ९, काका

दहापैकी सात. तेही सिलॅबसच्या परीक्षेत.

सिलॅबसमध्ये जे शिकवणार आहेत त्यावरची परीक्षा असती तर मी काही बोललो नसतो. ती सत्राच्या शेवटी असते आणि तोवर माणसाने मनाची तयारी केलेली असते. ही परीक्षा सिलॅबस नावाच्या, वर्गाचे सगळे नियम छापलेल्या चौदा पानी कागदाचीच. तुम्ही तो वाचलात का, एवढंच बघायला. पैकीच्या पैकी मिळाल्याशिवाय पहिल्या निबंधाचं पान कॉम्प्युटरवर उघडत नाही. तिथे एक छोटं राखाडी कुलूप दिसतं. ते मी चार दिवस रोज बघितलं.

राहून गेलेली पदवी सेहेचाळिसाव्या वर्षी पुरी करायला घेतली आणि त्यात इंग्रजी कॉम्पोझिशन, म्हणजे निबंधलेखन, सक्तीचं निघालं. मी म्हटलं, बरंच झालं, हे तरी फुकटचे गुण. वीस वर्षं ऑफिसातली सगळी पत्रं मीच लिहितोय. निरोप समारंभाची भाषणंही माझ्याच गळ्यात. एका साहेबांना माझं भाषण ऐकून भर सभेत हुंदका आला होता. पुढे त्यांची बदलीच रद्द झाली, म्हणून तेच भाषण मी दुसऱ्या साहेबांसाठी वापरलं. तेही रडले. अशा माणसाला लिहायला काय शिकवणार?

चुकलेले तीन प्रश्न सांगतो, म्हणजे माझी बाजू कळेल. एक : शंका आली तर सर्वांत आधी कुठे बघाल? मी लिहिलं, शेजारच्या विद्यार्थ्याला विचारीन. उत्तर : सिलॅबसमध्ये. दोन : दोनदा उशिरा आल्यास काय धरलं जाईल? मी निवडलं, ‘ताकीद’. उत्तर : एक गैरहजेरी. तीन : समास किती सोडावा? पर्यायांत ‘वाचकाला सुखद वाटेल इतका’ असं होतं, मी डोळे मिटून त्यावर टिचकी मारली. उत्तर : चारही बाजूंनी एक इंच. अहो, मग तो सुखद पर्याय ठेवलात कशाला? माणसं पकडायला?

शेजारच्या विद्यार्थ्याला विचारीन असं मी उगाच नव्हतं लिहिलं. माझ्या शेजारी जी मुलगी बसते, तिला कुठल्याही कोर्टाने वकिलीची सनद डोळे झाकून द्यावी. वय अठरा, फार तर एकोणीस. सिलॅबसचं एकेक पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तिने फाइल केली आहे. त्यावर तीन रंगांचे हायलायटर फिरवलेत. पिवळ्यात तारखा, गुलाबीत शिक्षा. हिरवं फार थोडं होतं.

“हिरवं काय आहे गं?”

“सवलती, काका.”

विनाकारण दोन गैरहजेऱ्या माफ आहेत. तिसरीपासून ग्रेड उतरते. या दोन्ही माफ गैरहजेऱ्या तिने पहिल्याच दिवशी डायरीत टाकून ठेवल्या. एक सत्राच्या मधोमध, एक शेवटच्या आठवड्यात.

“आणि मध्येच आजारी पडलीस तर?”

“ते वेगळं. पान ६. दाखला दिला तर ती मोजतच नाहीत.”

“आणि निबंध उशिरा दिला तर?”

“पान ९. दिवसाला दहा टक्के. रात्री अकरा एकोणसाठची वेळ आहे, काका. बाराला नाही. बाराला दुसरा दिवस लागतो.”

मी घराच्या कर्जाचे कागद सही करताना इतके वाचले नव्हते.

तिच्यावर थोडी छाप पडावी म्हणून मी माझं ज्ञान काढलं. म्हटलं, सिलॅबस हा शब्दच मुळात छपाईची चूक आहे, माहीत आहे? सिसेरो या रोमन वक्त्याच्या पत्रांत ग्रंथांच्या गुंडाळ्यांना लावायच्या चिठ्ठीसाठी ‘सिट्टिबा’ असा शब्द होता. पंधराव्या शतकात ती पत्रं छापताना त्याचं चुकून भलतंच झालं आणि त्यातून हा सिलॅबस जन्माला आला. म्हणजे ज्या कागदावर ‘शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापले जातील’ असं छापलंय, त्या कागदाचं नावच अशुद्ध!

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “हे क्विझमध्ये आहे?”

“नाही.”

“मग ठीक आहे,” म्हणाली आणि टोपण लावलं.

पण खरा अपमान पुढेच आहे. पहिल्या आठवड्यात वर्गातच बसून एक ‘डायग्नॉस्टिक’ निबंध लिहून घेतात. गुण नाहीत, नुसतं रोगनिदान. विषय होता, तुमचं मत बदलणारा प्रसंग. मी मला चष्मा लागला तो दिवस लिहिला. झकास लिहिला. सुरुवात धुक्याने. रस्त्याच्या टोकाला कुणीतरी उभं आहे, आपल्याला हात करतंय असं वाटतं, मी पण हात करतो. दुसऱ्या पानावर कळतं की तो विजेचा खांब आहे. तिसऱ्या पानाच्या तळाशी हळूच, जाता जाता, मुद्दा : आपण किती वर्षं खांबांना हात करत होतो कोण जाणे.

मग बाई म्हणाल्या, आता शेजाऱ्याशी कागद बदला. याला पिअर रिव्ह्यू म्हणतात. मराठीत सांगायचं तर आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवायचा, फक्त सोबत छापील फॉर्म असतो.

ती वाचायला लागली. तिच्या चेहऱ्याकडे बघत मी विजेच्या खांबाची वाट पाहत होतो. साहेब तिथे हसले असते. ती हसली नाही. तिचं बोट पहिल्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीवर जाऊन थांबलं.

“काका, थीसिस कुठे आहे?” थीसिस म्हणजे निबंधाचा मुख्य मुद्दा, एका वाक्यात.

“पान तीन. खाली.”

“ती इथे पाहिजे.”

“अगं, इथे सांगितलं तर पुढचं वाचणाऱ्याला आधीच कळेल ना!”

“हो. तेच पाहिजे.”

“मग तो पुढे वाचेल कशाला?”

तिने फॉर्म उलटून बघितला. “तसा प्रश्न नाहीये यात.”

मी मोंतेन्य हा जुना फ्रेंच लेखक काढला. म्हटलं, ज्याने या प्रकाराला नाव दिलं त्याने १५८० साली आपल्या पुस्तकाला ‘एसे’ म्हटलं ते प्रयत्न, चाचपणी या अर्थाने. तो गृहस्थ एका विषयावर सुरू करायचा आणि तिसऱ्याच गावाला निघायचा. त्याच्या पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी कुठली थीसिस असणार?

“त्यांना ग्रेड नव्हती ना, काका.”

आणि मग तिने समासात पेन्सिलीने लिहिलं : ‘मग काय?’ धुक्यापाशी एकदा, खांबापाशी एकदा, आणि माझ्या त्या शेवटच्या ओळीपाशी, जिच्यावर मी तिथल्या तिथे खूश झालो होतो, तिच्यापाशी पुन्हा एकदा. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, हे काय? तिने फॉर्मवरचा चौथा चौकोन दाखवला. तिथे खरंच छापलं होतं, ‘मग काय? वाचकाला याचं काय?’ वीस वर्षांत माझ्या एकाही पत्राला कुणी असं विचारलेलं नाही. आता वाटतं, विचारायला ती कुणी वाचली तरी होती का.

घरी येऊन मी ती ओळ वर नेऊन बघितली. निबंध सरकारी दिसायला लागला. परत खाली आणली. मग रात्री पुन्हा वर नेली. सध्या ती वर आहे, पण मनापासून नाही.

बाईंवर राग काढावा तर तेही जमत नाही. त्या सत्रापुरत्या नेमलेल्या. चार वर्ग, प्रत्येकात पंचवीस मुलं, म्हणजे एका निबंधाचे शंभर गठ्ठ्यात. एकाला वीस मिनिटं दिली तरी तेहेतीस तास होतात, आणि असे चार निबंध, प्रत्येकाचा कच्चा मसुदा वेगळा. मग रुब्रिक नावाचा तक्ता येणारच : थीसिस इतके, परिच्छेदरचना इतके, संदर्भ इतके. रुब्रिक म्हणजे मुळात लाल माती. जुन्या हस्तलिखितांत मथळे तांबड्या शाईने लिहायचे त्यावरून आलेला शब्द. आता चौकोनांत आकडे भरतात. माझ्या निदानाच्या कागदावर धुक्याबद्दल अक्षर नव्हतं. ‘शीर्षक ठळक नको, अधोरेखित नको’ एवढं मात्र होतं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी असा सक्तीचा वर्ग १८८५ साली काढला, कारण काय, तर मुलांना लिहिता येत नाही. इतक्या वर्षांत मुलांचं काय झालं ते सोडा, एक इंचाचे समास सगळ्यांना यायला हवे होते. मला नाही येत. माझ्या कॉम्प्युटरवर ते दोन पूर्णांक चोपन्न सेंटिमीटर दिसतात आणि मला दर वेळी काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

असो. काल रात्री परीक्षेला चौथ्यांदा बसलो. आधी सिलॅबस दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने. दहापैकी दहा! घरात सगळे झोपले होते म्हणून ओरडलो नाही. राखाडी कुलूप गेलं आणि पान उघडलं. ‘निबंध पहिला : या कोर्सकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत? २५० शब्द.’

खाली तारीख होती. परवाची. अकरा एकोणसाठ.

बाईंना ईमेल लिहायला घेतली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ छापाची एक ओळ इंग्रजीत झालीही होती. मग तो पहिला चुकलेला प्रश्न आठवला आणि हात थांबला. शंका आली तर आधी कुठे बघाल? मी आधी जिथे बघणार होतो तिथेच बघितलं. त्या मुलीला मेसेज टाकला : कुलूप उघडेना म्हणून उशीर झाला, असं चालेल का गं?

रात्रीचे बारा वाजून गेले होते, तरी लगेच उत्तर आलं.

“पान ९, काका. आता दोन दिवस धरतील.”