बोट लागली!

मराठीत बोट दोन प्रकारे लागते. ती धक्क्याला लागते आणि ती माणसाला लागते. पानगळीच्या अखेरीस आमच्या साडूंच्या बोटीतून शहराच्या किनाऱ्यापर्यंत गेलो, तेव्हा दुसरा प्रकार निघाल्यापासून विसाव्या मिनिटाला उरकला. पहिल्याला फार वेळ लागला.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजींनी दोन वर्षांपूर्वी एक जुनी, २२ फुटी मोटरबोट घेतली. ते स्वतःला कप्तान म्हणवून घेत नाहीत. पण कुणी म्हटलं, तर नकोही म्हणत नाहीत.

“या मोसमातली शेवटची फेरी,” ते फोनवर म्हणाले. थंडी पडायच्या आत बोट पाण्याबाहेर काढून ठेवावी लागते. इंजिनात पाणी राहिलं आणि ते गोठलं, की जवळजवळ ९ टक्क्यांनी फुगतं आणि इंजिनाचा अख्खा ठोकळा तडकतो. हे ऐकून ‘मग आजच काढून ठेवा की’ असं मी म्हणायला हवं होतं. पण मला योग्य वाक्यं नेहमी फोन ठेवल्यावर सुचतात.

अंतर ८ सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, म्हणजे साध्या मैलापेक्षा लांब. समुद्रावर मैलसुद्धा हात राखून मिळत नाही. ६ नॉटने, म्हणजे ताशी ६ सागरी मैलांनी, गेलं तर १ तास २० मिनिटं. तीच जागा बसने २५ मिनिटांवर आहे. शिवाय बस थांबवली की थांबते. या मुद्द्याचं मोल मला दुपारी कळलं.

सकाळी धक्क्यावर पोचलो तर पाण्यातून वाफा निघत होत्या. दाजींनी खुलासा केला: पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. हवा एका रात्रीत गारठते, पाण्यात मात्र उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. म्हणून हे धुकं.

“म्हणजे पाणी कोमट आहे?” माझ्या बायकोने आशेने विचारलं.

“हवेपेक्षा.”

“आणि हवा?”

“४ अंश.”

मग दाजींनी कुणी न विचारता पुढची माहितीही दिली. गार पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. पण पडल्या पडल्या भीती त्याची नसते. पहिल्या मिनिटात माणसाला नुसती धाप लागते, श्वास आवरत नाही, आणि नेमकं तेव्हाच तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. तेव्हा जाकीट घाला आणि पडलात तर आधी शांत राहा.

“हे घरी सांगायचं होतं,” ताई म्हणाल्या. त्यांच्या संसारात हे वाक्य नवीन नसावं, कारण दाजी लगेच दोर मोजायला लागले.

जाकीट घालणं ही स्वतंत्र मोहीम होती. आत तीन स्वेटर, वर कोट, त्यावर नारिंगी जाकीट. त्याला एक पट्टा असा की तो मागून पायांमधून पुढे घेऊन पोटावर अडकवायचा. तो नसेल तर पाण्यात जाकीट वर तरंगतं आणि माणूस त्यातून खाली घसरतो, असं कारण आहे. कारण पटलं. पण चार कपड्यांवरून कसलेला तो लंगोट लावून मी उभा राहिलो, तेव्हा बायकोने पहिला फोटो काढला. तो अजून नातेवाइकांत फिरतो आहे.

धुकं विरायला अकरा वाजले. निघालो. पहिली १५ मिनिटं खरोखर सुंदर होती, ती मी घाईने सांगून टाकतो: निष्पर्ण झाडं, पाण्यावर वाळक्या पानांचे तांडे, तिरपं ऊन. मग खाडीचं तोंड संपलं आणि वारा आडवा आला.

“फोर्स चार,” दाजी खुशीत म्हणाले. वारा मोजायची ही पट्टी ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने १८०५ साली बसवली. शून्यापासून बारापर्यंत. गंमत म्हणजे त्याने वारा मोजलाच नाही. वाऱ्याने जहाजाच्या शिडांचं काय होतं ते मोजलं. तीच पद्धत मी आमच्या बोटीला लावली. शून्य: दोघी बहिणी एकदम बोलताहेत. दोन: एक बोलते, दुसरी ऐकते. तीन: फोटो बंद. चार: ताईंनी दाजींना पूर्ण नावाने हाक मारली. पाचाची नोंद मी ठेवू शकलो नाही, कारण त्या वेळी मी बोटीच्या काठावरून बाहेर वाकलेलो होतो.

बोट लागण्यामागचं शास्त्र असं, की कान आणि डोळे यांचं भांडण होतं. आतला कान म्हणतो, आपण हलतोय. डोळे समोरच्या फळीकडे बघून म्हणतात, छे, सगळं जागच्या जागी आहे. या दोघांच्या भांडणात मार पोटाला. उपाय म्हणजे क्षितिजाकडे बघायचं, म्हणजे डोळ्यांनाही पटतं. “अहो, लांब बघा, लांब!” बायको पाठीवर हात फिरवत म्हणत होती. लांब बघितलं. लांब शहर होतं, आणि ते तितकंच लांब राहात होतं.

नेल्सनसारख्या दर्यावर्दी सेनापतीलाही बोट लागायची. डार्विन १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षं ‘बीगल’ जहाजाच्या सफरीवर होता आणि समुद्र खवळला की दर वेळी आडवा व्हायचा. हे दोन्ही दाखले दाजींनी माझ्या समाधानासाठी दिले. नेल्सनला निदान बदल्यात चौथऱ्यावर पुतळा मिळाला.

असो. खरी कथा इथून पुढे आहे.

शहराचा किनारा जवळ आला, लाटा मंदावल्या आणि माझ्या जिवात जीव आला. लांबलचक फरसबंद रस्ता, बाकं, कठडा, आणि खाली पाहुण्यांच्या बोटींसाठी लाकडी तरंगता धक्का. उन्हाळ्यात म्हणे इथे रोज तीस-चाळीस बोटी येतात आणि कुणी मान वळवून बघत नाही. पानगळीत एकच येते. कारंजी बंद, फुगेवाले नाहीत, झाडांना पान नाही. फिरायला आलेल्या त्या कोटधारी जनतेला बघायला काहीच नव्हतं. आणि आम्ही आलो.

“स्टारबोर्डला फेंडर लावा!” दाजी ओरडले. फेंडर म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून बाहेरून लटकवायच्या फुगीर रबरी उश्या. स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू, एवढं मला येत होतं. मी चारही उश्या उजव्या बाजूला लावल्या. फक्त त्या वेळी मी मागे तोंड करून उभा होतो. ज्या गोंधळासाठी हे शब्द जन्माला आले, तोच गोंधळ मी ते शब्द वापरून घातला. बोटीची उजवी ती कायमची उजवी. तुम्ही कुठेही तोंड करा. डावीला पूर्वी लारबोर्ड म्हणत. वाऱ्यात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून १८४४ साली ब्रिटिश आरमाराने लारबोर्ड मोडीत काढून तिथे पोर्ट आणला. म्हणजे गोंधळणारा मी पहिला नाही. पण हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत दाजी नव्हते.

उश्या इकडच्या तिकडे करेपर्यंत बोट पुढे गेली. वळून आलो.

बोटीला ब्रेक नसतो. मी हे वाक्य मुद्दाम सुटं लिहितो आहे. थांबायचं तर बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा उलटा फिरवायचा, आणि उलटा पंखा बोटीला नुसतं थोपवत नाही, तिचं बूडही एका बाजूला सरकवतो. आमचं डावीकडे सरकतं. धक्का उजवीकडे होता. वारा धक्क्याकडून पाण्याकडे. म्हणजे निसर्ग आणि यंत्र यांचं एका बाबतीत एकमत होतं, की या लोकांना उतरू द्यायचं नाही.

दुसरी खेप: बोटीचं नाक धक्क्यापासून हातभर, बूड दोन पुरुष लांब. मी दोर घेऊन नाकावर. “उडी मारायची नाही! आणि बोट धक्क्याला टेकताना मधे हात घालायचा नाही!” ही सूचना मी तंतोतंत पाळली. बोटीत आणि धक्क्यात बोट घालणारा माणूस मी नव्हेच. मी फक्त उभा राहिलो. हातभराचं अंतर चार हात झालं, दहा हात झालं. कठड्यावरून एक सामूहिक ‘अरेरे’ आला.

तिसऱ्या खेपेपर्यंत कठड्याशी वीसेक माणसं होती. काठावर उभं राहिलं की प्रत्येकाला पोहता येतं. “वेग द्या, वेग!” “अहो, हळू घ्या!” “आधी मागचा दोर!” एक गृहस्थ तर दोन्ही हातांनी विमान उतरवल्यासारख्या खुणा करत होते. दाजींनी त्या पाळायचा प्रयत्न केला, हे त्यांच्या शालीनतेचं लक्षण, पण ते गृहस्थ दुसऱ्या बाजूच्या कुणा मित्राला हात करत होते असं निघालं. मी दोर फेकला. वेटोळं हवेत गेलं, सुटलंच नाही, आणि माझ्या पायापासून दोन हातांवर डुबुक झालं.

“दोर ओढा! पंख्यात जाईल!” दाजींचा आवाज फाटला. ओढला. सगळं गार पाणी बाह्यांतून कोपरापर्यंत.

पाचवी खेप. एव्हाना ताई खाली बसून डोळे मिटून होत्या आणि माझी बायको कठड्याकडे पाठ करून, आपण या बोटीतल्या नाहीच, असा चेहरा करून होती. मी दोर फेकला आणि तो चक्क धक्क्यावर पडला. पडला आणि परत घसरायला लागला. तेवढ्यात लाल टोपीतली सात-आठ वर्षांची एक मुलगी आली, तिने त्यावर पाय दिला, दोर उचलला, दोन शिंगांच्या लोखंडी खुंट्याला खालून एक वेढा, वर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ, शेवटी उलटा फास. चार सेकंद. मग हातमोज्यांवरचं पाणी झटकून आईकडे गेली. तिने आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. टाळ्या पडल्या त्या तिला.

बोट लागली.

जमिनीवर आम्ही पाऊण तास होतो. त्यातला बराचसा वेळ मी एका बाकाला धरून होतो, कारण आता फरसबंदी हलत होती. समुद्रातून उतरल्यावर मेंदू काही काळ तसाच डुलत राहतो. किनाऱ्याबद्दल विचाराल तर बाक भक्कम होतं.

तीन वाजता दाजींनी आभाळाकडे बघितलं. पानगळीत दिवस कुठे टिकतो! “अंधाराच्या आत पोचायला हवं.” दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं आणि एका आवाजात म्हणाल्या, “आम्ही बसने येतो.” मीही तोंड उघडलं. पण दाजी ओला दोर एकटेच गुंडाळत होते, त्यांची पाठ दिसत होती. मी जाकिटाचा पट्टा पायांमधून ओढून घेतला.

परतीत वारा पडला होता. आम्ही फारसे बोललो नाही. संधिप्रकाशात दाजींनी दिवे लावले, डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा. मी ते पुढे तोंड करून नीट पाहून घेतलं. आमच्या धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. दाजींनी वेग उतरवला, जरा तिरकं घेतलं, पंखा क्षणभर उलटा फिरवला, आणि बोट लोण्यात सुरी जावी तशी धक्क्याला येऊन टेकली. उशीसुद्धा दबली नाही. मी पाऊल टाकून उतरलो, दोर त्या मुलीसारखा आठात बांधला. तोही बसला.

दाजींनी इंजिन बंद केलं. धक्क्यावर इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दूरवर एक दिवा होता, त्याखाली कुणी नव्हतं.

“बघितलंत ना?” ते म्हणाले.

“बघितलं.”

“ताईला सांगाल?”

मी त्याच रात्री सांगितलं. दोघींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, कितव्या खेपेला?