पंधरा वर्षांची गाडी म्हणजे मोकळं रान नव्हे

कोल्हापुरातल्या बायकर मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘गाडीला १५ वर्षं झाली की आरटीओचे नियम सुटतात. फ्रेम कापा, कॅफे रेसर (खाली वाकून चालवायची, जुन्या धाटणीची रेसिंग बाईक) करा, कोण अडवत नाही.’ हे साफ खोटं आहे.

१५ वर्षांनी संपते ती नोंदणीची मुदत. पुढं दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ जुन्या-नव्या गाडीत भेद करत नाही. कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही, असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. कलम १८२-अ नुसार मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर म्हणाल ते करून मिळतं, खरी अडचण तिथंच आहे. मागची फ्रेम छोटी करताना कटर शॉकअपच्या माउंटिंगजवळ गेला की फ्रेमची ताकद संपली. वरून वेल्डिंग कितीही देखणं दिसू दे. क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर दोन तुकड्यांत बसणारं बुटकं हँडल) पूर्ण वळवून बघा, अंगठा टाकीला चेपत असेल तर ते बसवूच नका. आणि जुना रंग-गंज उडवायला, म्हणजे ब्लास्टिंगला, फ्रेम द्यायच्या आधी चेसी नंबरावर जाड टेप लावा. पावडर कोटिंगखाली नंबर बुजला, तर पासिंगला गाडी तुमचीच आहे हे पटवताना घाम फुटेल.

रंग मात्र बदलता येतो, आरसीवर नोंद करून.