जुनी लष्करी रायफल डोळे मिटून घ्या

तर तुम्हाला जुनी लष्करी रायफल घ्यायची आहे. अमेरिकेत राहता, कायद्याची आडकाठी नाही, तळघरात जागा आहे, घरच्यांची समजूत नंतर काढता येईल. राहिला प्रश्न किमतीचा. सांगितलेल्या पैशांना रायफल लायक आहे की नाही हे ओळखण्यासाठी काही चक्रम लोक शिक्क्यांचे तक्ते पाठ करतात, खिशात टॉर्च घेऊन फिरतात. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. परवाच्या गन शोनंतर माझी खात्री पटली आहे की या बाजारात ज्याला काहीच कळत नाही त्याचाच मान मोठा.

सगळ्यात आधी टेबलावरची पाटी वाचा आणि तिच्यावर विश्वास ठेवा. परवा एका टेबलावर आपल्या बंगालमधल्या इशापूरची रायफल पडली होती. पाटी म्हणत होती, 'ब्रिटिश स्नायपर, दुसरं महायुद्ध, ब्रह्मदेश आघाडी, अतिदुर्मिळ.' किंमत चांगल्या अवस्थेतल्या दोन रायफलींची. बोल्टच्या (काडतूस आत ढकलून कोंडणाऱ्या लोखंडी दांड्याच्या) दांडीखाली, लाकडी दस्ता जिथे लोखंडात शिरतो तिथे, उजव्या बाजूला स्वच्छ ठोकलेलं होतं: ७.६२ एमएम, टू-ए-वन, आर.एफ.आय., १९६६. म्हणजे गोळीचा आकार, मॉडेल, रायफल फॅक्टरी इशापूर आणि साल. ब्रह्मदेशातली लढाई १९४५ मध्ये संपली. ही जातच मुळी १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात सुरू झाली, तीही नाटोच्या ७.६२ गोळीसाठी. जुन्या थ्री नॉट थ्रीला भोक पाडून केलेला हा जुगाड नाही, रायफल नवीच घडवलेली आहे. मॅगझिन चौकोनी, नेम धरायच्या मागच्या साइटवर आकडे ८०० मीटरपर्यंत. दुर्बीण बसवायची सोय कुठेही नाही. पण स्नायपर!

मी विक्रेत्याला सालावर बोट ठेवून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, तो पार्ट नंबर आहे. शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक माझ्याकडेच वळून म्हणालं, ‘‘तुम्ही त्यांचा धंदा का खराब करताय?’’ आणि त्याने कार्ड काढलं. माझ्या डोळ्यांदेखत. त्यामुळे पहिला सल्ला हाच: लोखंडावर कोरलेलं आणि पाटीवर लिहिलेलं जुळत नसेल तर लोखंड चुकीचं समजा.

दुसरं म्हणजे आजोबा बघा. ज्या रायफलीमागे आजोबा नाहीत ती घेऊ नका. ‘आमच्या आजोबांनी १९४५ साली जर्मन अधिकाऱ्याकडून हिसकावून आणली’ हे ऐकलं की लगेच पाचशे डॉलर वाढवून द्या. त्या काळी सैनिकांना असा माल घरी न्यायला सहीशिक्क्याचा कागद मिळत असे. तो मागू नका, आजोबांचा अपमान होतो. आणि नळीखाली बारीक अक्षरात आयात करणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर नजर दुसरीकडे वळवा. असे शिक्के १९६८ च्या कायद्यानंतर सक्तीचे झाले, म्हणजे रायफल त्यानंतर कधीतरी पेटाऱ्यात भरून बोटीने आली. पण आजोबाही बोटीनेच आले होते. जुळलं की!

नळीत डोकावू नका. आत अंधार असतो, उगाच खड्डे दिसतात.

आता चकाकी. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. रायफल लग्नातल्या नवरदेवाच्या बुटांसारखी चमकली पाहिजे. विक्रेता अभिमानाने सांगेल, ‘‘मी स्वतः रिस्टोअर केली.’’ टाळ्या वाजवा. त्याने काय केलंय ते नीट समजून घ्या म्हणजे टाळ्या जोरात वाजतील. लाकडावर तपासनिसाचे शिक्के होते, ते सँडपेपरने गेले. दस्त्यावर पलटणीतला नंबर ठोकलेला होता, तो गेला. मूळ लाकूड जवसाच्या तेलात मुरलेलं, हातांनी काळसर झालेलं. त्यावर आता जेवणाच्या टेबलाचं पॉलियुरेथेन व्हार्निश. धातूवर बफिंगचं चाक फिरवलं, अक्षरांच्या कडा गोल झाल्या, मग वरून ब्लूइंगचा काळाभोर मुलामा. पन्नास-साठ वर्षं, कधी शंभर वर्षं जी रायफल चिखल, पाऊस, कवायत आणि कोठाराचा भोंगळ कारभार सोसून टिकली, तिला या माणसाने एका रविवारच्या दुपारी बिअर पीत साफ पुसून टाकलं. इशापूरच्या काही जुन्या रायफलींच्या पुढच्या भागावर तारेचे घट्ट वेढे असतात. नळीवरून ग्रेनेड फेकताना लाकूड फुटू नये म्हणून ते घातलेले. एका महाभागाने मला सांगितलं की ती तार घाण दिसत होती म्हणून त्याने पक्कडीने कापून काढली. घाण दिसत होती! त्या तारेसाठीच लोक ती रायफल शोधत फिरतात, आणि हा गृहस्थ ती कचऱ्यात टाकून वर ‘क्लीन’ म्हणून शंभर डॉलर जास्त मागतोय. याला रिस्टोअर म्हणतात? कोणी आजीच्या पैठणीवर ब्लीच ओतलं तर आपण त्याला मजुरी देतो का?

असो. सल्ला द्यायला बसलोय.

नंबर. ‘ऑल मॅचिंग’, म्हणजे सगळ्या भागांवरचे नंबर एकच, हा मंत्र कानावर पडला की पाकीट उघडा. थ्री नॉट थ्रीचा नंबर मुख्य भागावर, बोल्टच्या दांडीमागे, नळीवर आणि नळीच्या टोकाशी असलेल्या टोपीवर असतो, ते चारही एकाच छापाचे आहेत की एखादा कालच ठोकलाय, हे बघत बसू नका. रशियनांनी युद्धात पकडलेल्या जर्मन माउझर पुढे कोठारात सुटे भाग करून पुन्हा जुळवल्या गेल्या, बोल्टवर नवे नंबर विजेच्या लेखणीने कोरले गेले, लाकडाला शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, फासला गेला. रायफल म्हणून त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत वेगळी असते. पण ‘मॅचिंग’ तर आहे ना! मला एकाने ऑल मॅचिंग गॅरंड, म्हणजे अमेरिकन लष्कराची जुनी रायफल, दाखवली. गॅरंडच्या फक्त मुख्य भागावर सिरियल नंबर असतो. म्हणजे एक नंबर स्वतःशीच जुळत होता.

जंगल कार्बाइन, म्हणजे थ्री नॉट थ्रीची आखूड आणि हलकी आवृत्ती, दिसली तर ती खरीच माना. खरी, म्हणजे मॉडेल नंबर पाच, १९४४ ते १९४७ एवढीच वर्षं बनली. वजन कमी करायला तिच्या मुख्य भागावरून, नळीच्या मुळाशी, अगदी बोल्टच्या दांडीच्या गोल मुठीतूनसुद्धा लोखंड खरवडून काढलेलं असतं. हे काहीच नसेल आणि साधी लांब नंबर चार करवतीने कापून पुढे ज्वाळ झाकणारं नरसाळं बसवलं असेल, तरी दिसायला तशीच दिसते. तुम्हाला भिंतीवरच लावायची आहे.

जपानी आरिसाका रायफलीवरचं सम्राटाचं सोळा पाकळ्यांचं फूल घासून काढलेलं असेल तर विक्रेता म्हणेल, ‘त्यामुळे किंमत वाढते.’ हो म्हणा.

मधूनच पुण्याहून मित्राचा फोन येईल: ‘‘माझ्यासाठीही एक थ्री नॉट थ्री घेऊन ये, लहानपणी पोलिसाच्या खांद्यावर बघितली होती.’’ त्याला सांगा की भारतात सामान्य माणसाच्या परवान्यावर ते कॅलिबर मिळतच नाही, म्हणून तर इशापूरने नागरिकांसाठी वेगळी .३१५ काढली. तो म्हणेल, बॅगेत कपड्यांखाली ठेव. फोन ठेवून द्या.

किंमत ठरवताना इंटरनेटवर लोकांनी मागितलेले भाव बघा, विकले गेलेले भाव बघू नका. कोणी मोसिनला, म्हणजे जुन्या रशियन रायफलीला, हजार डॉलर मागितले की सगळ्या मोसिन हजाराच्या होतात. पंधरा वर्षांपूर्वी हीच मोसिन, मॉडेल ९१/३०, ग्रीसच्या वंगणात बुडवलेली, पेटारेच्या पेटारे, शंभर डॉलरच्या आत मिळत होती, हे बोलू नका. आयात आटली, भाव चढले, हे मान्य. पण चढलेल्या भावातही गंजलेली नळी गंजलेलीच राहते, आणि जुन्या काडतुसांच्या क्षारांनी खाल्लेली नळी कुठल्याही तेलाने भरून येत नाही. हे समजायला काय अडचण आहे मला खरंच कळत नाही. बोल्ट बाहेर काढायला दहा सेकंद लागतात! मागून टॉर्च मारा, नळीतले आटे धारदार दिसतात की पुसलेले, ते बघा! पुढून एक गोळी नळीच्या तोंडात घालून बघा किती आत जाते, निदान तोंडाची झीज तरी कळेल. विक्रेता बोल्ट काढू देत नसेल तर त्याने काय लपवलंय हे सांगायला मी कशाला हवा?

आणि तुम्ही, कार्ड काढणारे, तुम्हाला आता सरळच सांगतो. पाट्या लिहिणाऱ्यापेक्षा मला तुमचा राग जास्त येतो. तो पोट भरतोय. तुम्ही १९६६ हा आकडा वाचला, समजला, आणि तरी तुम्हाला ब्रह्मदेशच हवा होता. तुमच्यामुळे पुढच्या महिन्यात आणखी पाच टेबलांवर आणखी पाच स्नायपर उगवणार आणि सँडपेपरवाल्याला वाटणार की आपलं बरोबर आहे. खरी, न घासलेली, सत्तर टक्के रंग उडालेली प्रामाणिक रायफल कोपऱ्यात पडून राहते, कारण ती चमकत नाही.

शिवाय ती तुम्ही चालवणार आहात, हे तरी आठवा. नंबर न जुळणारा बोल्ट म्हणजे नुसती किंमत कमी असं नाही. बोल्ट बदललेला असेल तर काडतूस मागे किती सैल बसतं ते मोजावंच लागतं, त्यासाठी गेज मिळतात, फार महाग नाहीत, कुठलाही बंदूक दुरुस्त करणारा तपासून देतो. थ्री नॉट थ्रीवर डी.पी. असा शिक्का असेल तर ती कवायतीची आहे, गोळी झाडायची नाही, कितीही पॉलिश केलेली असली तरी. टू-ए-वनमध्ये थ्री नॉट थ्रीचं काडतूस चालत नाही, आणि हे सांगायची वेळ येते कारण पाटीवर ‘ब्रिटिश’ लिहिलेलं असतं. बोल्ट सुटला तर तो विक्रेत्याच्या तोंडावर येत नाही. हे प्रश्न विचारल्यावर ‘एवढी भीती वाटते तर घेऊ नका’ असं जो म्हणतो, त्याचं ऐका आणि खरंच घेऊ नका. ठेवा ती खाली आणि चालू पडा तिथून.